हृदयरुग्णांच्या परिचारिकांचे उच्च प्रशिक्षण : स्वरूप, वाटा आणि आपल्या परिसराची गरज

रुग्णालयात गेल्यावर गणवेशातील प्रत्येक परिचारिकेला आपण ‘सिस्टर’ अशी एकच हाक मारतो. रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या धर्मभगिनींकडून आलेला हा शब्द आता सर्वांच्या तोंडी रुळला आहे. हाक एक असली तरी त्या सर्व भगिनींचे शिक्षण मात्र एकसारखे नसते. हृदयविभागात मध्यरात्री पडद्यावरील रेषेकडे पाहत उभ्या असलेल्या सिस्टरने मूळ शिक्षणानंतर आणखी एक किंवा दोन वर्षे केवळ हृदयाचा अभ्यास केलेला असू शकतो. त्या वाढीव अभ्यासाची माहिती रुग्णाच्या नातेवाइकांना क्वचितच असते. आणि परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आपल्या कित्येक मुलामुलींनाही पुढे अशी वाट आहे हे ठाऊक नसते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील वाचकांसाठी त्या शिक्षणाची तोंडओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

हृदयपरिचर्येचा उगम

महाराष्ट्रात परिचारिकेच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने या संस्थेने मुलींना आणि विधवा स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविले. ज्या काळी घराबाहेर जाऊन परक्या रुग्णाची सेवा करणे कमीपणाचे मानले जाई, त्या काळी हे मोठेच धाडस होते. पुढे १९४३ साली गुंटूर येथे सिस्टर डॉ. मेरी ग्लोरी यांनी कॅथलिक रुग्णालयांना एकत्र आणणाऱ्या संघटनेचा पाया घातला. आज तीच संस्था ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाते.

हृदयपरिचर्या ही स्वतंत्र शाखा मात्र १९६० नंतरची आहे. त्यापूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला अंथरुणावर सक्तीची विश्रांती देणे, वेदना कमी करणे आणि वाट पाहणे, एवढेच हाती असे. छाती न उघडता विजेचा धक्का देऊन हृदयाची लय पूर्ववत करता येते, हे १९५६ साली डॉ. पॉल झोल यांनी दाखवून दिले. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. साधने आली, परंतु एक अडचण उरली. झटक्यानंतर हृदयाची लय कोणत्याही क्षणी बिघडू शकते, आणि त्या क्षणी डॉक्टर खाटेजवळ असतीलच असे नाही.

फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी या अडचणीवर उपाय शोधला. त्यांनी परिचारिकांना ई.सी.जी. वाचायला शिकविले, धोक्याची लय ओळखायला शिकविले आणि वेळ पडल्यास डॉक्टरांची वाट न पाहता विजेचा धक्का देण्याचा अधिकार दिला. त्यांचे परिचारिकांसाठीचे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. तोवर झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ३० जण दगावत. हृदय अतिदक्षता विभाग आणि तेथील प्रशिक्षित परिचारिका आल्यावर हे प्रमाण पुढील काळात जवळजवळ निम्म्यावर आले. १९६९ साली अमेरिकेत हृदयपरिचारिकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

त्याच सुमारास भारतातही हृदयशस्त्रक्रियेने वेग घेतला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण १९९४ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. मधल्या २६ वर्षांत औषधे सुधारली, यंत्रे सुधारली आणि त्यांच्याबरोबर शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा हेही एक शास्त्र बनले.

शिक्षणाच्या पायऱ्या

आपल्याकडे परिचर्येचे मूळ शिक्षण मुख्यतः दोन प्रकारे होते. बारावीनंतर तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका, अथवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. जी.एन.एम. झालेल्यांना दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून पदवीधर होता येते. शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. या नोंदणीशिवाय पुढची कोणतीही वाट खुली होत नाही.

त्यानंतर हृदयपरिचर्येकडे नेणारे तीन मुख्य मार्ग आहेत.

१. हृदय-वक्ष परिचर्येची विशेष पदविका. हा भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नोंदणीकृत परिचारिका, मग ती जी.एन.एम. असो वा बी.एस्सी., कामाच्या अनुभवानंतर त्यासाठी अर्ज करू शकते. काटेकोर अर्थाने ही पदव्युत्तर पदवी नव्हे; परंतु रुग्णाच्या खाटेजवळचे कौशल्य मिळविण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण वर्षाचा बहुतेक काळ हृदयविभाग, कॅथ लॅब, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांतच जातो.

२. एम.एस्सी. नर्सिंग. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंगमध्ये किमान ५५ टक्के गुण आणि पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव अपेक्षित असतो. येथे ‘मेडिकल-सर्जिकल’ हा विषय घेऊन त्यात हृदय-रक्तवाहिन्या व वक्ष ही उपशाखा निवडता येते. अध्यापन, संशोधन किंवा रुग्णालयातील वरिष्ठ जबाबदारी यांची आवड असणाऱ्यांना हा मार्ग योग्य ठरतो.

३. नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास सुरू केलेला हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो केवळ हृदयाचा नाही. सर्वच अत्यवस्थ रुग्णांचा आहे. परंतु हृदयरुग्णांचा त्यात मोठा वाटा असतो. रुग्णाची तपासणी करणे, निष्कर्ष काढणे आणि रुग्णालयाने लेखी ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार उपचार सुरू करणे, हे त्यात शिकविले जाते.

आपल्या परिसरात पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयांत एम.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण मिळते. १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही ही पदवी घेता येते. राज्याबाहेर जाण्याची तयारी असल्यास दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही हृदयपरिचर्येच्या शिक्षणाची नावाजलेली ठिकाणे आहेत. कोणत्या वर्षी कोठे किती जागा आहेत, कोणती उपशाखा उपलब्ध आहे आणि प्रवेशपरीक्षा कधी आहे, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही महिन्यांत ‘हृदयतज्ज्ञ परिचारिका’ होण्याचे प्रमाणपत्र देणारे वर्गही चालतात. त्यांतून काही शिकायला मिळत नाही असे नव्हे. पण परिषदेची मान्यता नसेल तर ती पात्रता नोंदणीपुस्तकात चढत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता लेखी स्वरूपात पाहून घ्यावी.

या वर्षा-दोन वर्षांत काय शिकवितात?

अभ्यासक्रमाची यादी वाचून या शिक्षणाचे मोल कळत नाही. म्हणून येथे दोन-तीन प्रसंगच सांगतो.

बायपास शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या छातीत नळ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांतून येणारे रक्त दर तासाला मोजले जाते. रक्त एकाएकी वाढले तर धोका आहे, हे कोणीही सांगेल. परंतु ते एकाएकी थांबले तर? नातेवाइकांना हायसे वाटते. प्रशिक्षित परिचारिका मात्र त्याच क्षणी सावध होते. नळी गुठळीने तुंबली असेल तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचू लागते आणि हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. रक्तदाब घसरतो, मानेच्या शिरा फुगतात, लघवी कमी होते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वहीत लिहिणे आणि त्या एकत्र जोडून शल्यविशारदाला तत्काळ बोलावणे, यांत रुग्णाच्या जीवन-मरणाचे अंतर आहे.

दुसरा प्रसंग पडद्यावरील लयीचा. हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरू लागले की रक्त पुढे ढकलले जात नाही. विजेचा धक्का मिळण्यास जितका उशीर होईल, तितकी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. परंतु छातीला चिकटविलेली तार निसटली किंवा रुग्ण थंडीने कुडकुडत असला, तरी पडद्यावर तशीच वेडीवाकडी रेषा उमटते. म्हणून आधी रुग्णाकडे पाहायचे, नाडी चाचपायची आणि मग यंत्राकडे वळायचे, ही शिस्त अंगी बाणेपर्यंत घोटून घेतली जाते.

तिसरा प्रसंग रुग्ण घरी जाण्याचा. आपल्याकडे लहानपणी घसादुखीनंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेले पुष्कळ रुग्ण आहेत. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून ठराविक दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. आपल्या पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याने देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर तयार केले ते हेच औषध. ज्यांची झडप पूर्ण निकामी होते, त्यांना कृत्रिम झडप बसवितात. श्री चित्रा संस्थेत घडविलेली भारतीय झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. अशा यांत्रिक झडपेच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. रक्ताची तपासणी कधी करायची, मेथी-पालक एके दिवशी भरपूर आणि नंतर आठवडाभर अजिबात नाही असे का करू नये, दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला काय सांगायचे, गरोदरपणाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना का भेटायचे, हे सारे समजावून सांगण्याचे काम बहुधा परिचारिकेच्याच वाट्याला येते. ते तिने रुग्णाच्या भाषेत सांगितले तरच घरी पाळले जाते. मराठी बोलणारी परिचारिका येथे किती मोलाची ठरते, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या औद्योगिक पट्ट्याची गरज

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली. त्यापूर्वीच मोटारी, दुचाकी आणि औषधे यांच्या कारखान्यांनी हा परिसर गजबजला होता. पुढे चाकण-तळेगावची औद्योगिक क्षेत्रे वाढली. येथे तिन्ही पाळ्यांत काम चालते. रात्रपाळी, अवेळी जेवण, तंबाखू, मधुमेह आणि ताण हे सारे हृदयाचे वैरी आहेत, आणि ते येथे एकाच घरात नांदताना दिसतात.

संत तुकारामनगरातील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, शेजारचे डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय, २००६ पासून थेरगाव येथे कार्यरत असलेले आदित्य बिर्ला रुग्णालय, मोहननगरातील कामगार विमा रुग्णालय, तळेगावचे मायमर वैद्यकीय महाविद्यालय अशी मोठी रुग्णालये या पट्ट्यात आहेत. परंतु चाकणहून पिंपरीपर्यंत सुमारे २० किलोमीटरचा नाशिक महामार्ग आहे, आणि पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात काय होते, हे तेथील रहिवाशांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

झटका आलेला रुग्ण आरोग्यसेवकासमोर आल्यापासून १० मिनिटांत त्याचा ई.सी.जी. काढून वाचला जावा, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. चाकणच्या कारखान्यातील कामगारासमोर हा पहिला आरोग्यसेवक कोण असतो? बहुधा कारखान्याच्या वैद्यकीय कक्षातील परिचारिका किंवा परिचारक. ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत असा कक्ष असण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले आणि तेव्हापासून मोठ्या कारखान्यांत तो रूढ झाला. ‘छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल’ असे म्हणत आलेल्या कामगाराला पित्ताची गोळी देऊन परत यंत्रावर पाठवायचे की ई.सी.जी. काढायचा, हा निर्णय त्या कक्षात होतो. म्हणून हृदयपरिचर्येचे शिक्षण केवळ मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागापुरते आहे, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या पट्ट्यात त्याची पहिली गरज कारखान्याच्या दारातच आहे.

वाटेतील अडचणी

या शिक्षणाची वाट सोपी नाही, आणि ती सोपी आहे असे भासविणे योग्य होणार नाही.

पहिली अडचण पैशाची. नोकरी करणाऱ्या परिचारिकेच्या पगारावर बहुधा भावंडांचे शिक्षण किंवा घराचा हप्ता चालू असतो. एक-दोन वर्षे तो पगार थांबविणे अनेकींना परवडत नाही. दुसरी अडचण त्याहून खटकणारी आहे. विशेष पदविका घेऊन परतलेल्या परिचारिकेला पुन्हा सर्वसाधारण कक्षात नेमले जाते. हुद्दा तोच, पगारही जवळपास तोच. नर्स प्रॅक्टिशनरसाठी तर बहुतेक रुग्णालयांच्या पदरचनेत वेगळे पदच नसते. मग शिकून काय उपयोग, असे तिला वाटले तर दोष कोणाचा?

जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतके वेतन असावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते २०,००० रुपयांहून कमी नसावे, असे तीत म्हटले होते. शिफारस आणि अंमलबजावणी यांतील अंतर या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, या मानकाचेही तेच. २०२३ साली संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. त्यातून विशेष शिक्षणाला रीतसर स्थान मिळेल, अशी अपेक्षा आहे.

तिसरी अडचण अधिकाराची. फिलाडेल्फियाच्या त्या रुग्णालयात परिचारिकांना केवळ ज्ञान दिले नव्हते, ते वापरण्याची लेखी मुभाही दिली होती. धोक्याची लय ओळखता येते, पण धक्का देण्यासाठी दूरध्वनीवर परवानगी येईपर्यंत थांबावे लागते, अशी स्थिती असेल तर ते शिक्षण निम्मे वाया जाते. आम्हांस या विषयात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. रुग्णालये यंत्रे विकत घेऊ शकतात. त्यांचा वापर कोणी, केव्हा करावा, हे मात्र आधी लिहून ठरवावे लागते आणि ते करणाऱ्या व्यक्तीवर विश्वास टाकावा लागतो.

कुटुंबांनी काय करावे?

आपल्या घरातील मुलगी किंवा मुलगा परिचर्येत असेल, तर पहिल्या नोकरीनंतर ‘आता पुरे, लग्नाचे पाहू’ किंवा ‘आता परदेशाची परीक्षा दे’ एवढ्यावरच बोलणे संपवू नये. हृदयविभागात वर्ष-दोन वर्षे काम करून, तेथे मन रमते का हे पाहून, मग पुढील शिक्षणाचा विचार करावा. रुग्णालयाकडून पगारी रजा किंवा शुल्कात साहाय्य मिळते का, त्यापोटी किती वर्षांचा करार करावा लागतो, हे आधीच विचारावे. शिक्षण पूर्ण झाल्यावर राज्य परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करण्यास विसरू नये.

घरात हृदयरुग्ण असेल, तर रुग्णालय निवडताना डॉक्टरांच्या नावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: रात्रपाळीला हृदयविभागात विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका असतात का? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर त्या परिचारिकांची किंमत व्यवस्थापनांनाही कळेल.

आणि प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, धाप यांपैकी काहीही जाणवले तर सोडा पिऊन किंवा पडून राहून वेळ घालवू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढ व्यक्तीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे कौशल्य आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या रविवारी शिकविता येण्यासारखे आहे, आणि ते शिकविणारी परिचारिका बहुधा आपल्याच धर्मग्रामात राहत असेल. तिला विचारून पाहावे. तिने पुढे शिकावे असे आपल्याला वाटते, हेही त्याच वेळी तिला सांगावे.